गेले म्हणजे मेंढ्यांमागे गेले

आधीच सांगून टाकतो. गिरजाताईंवर जो ठपका आला, ती चूक माझी होती. थोडी त्यांची, थोडी माझी असंही नाही, पूर्ण माझी. त्यांच्या नावाने संगणकात शिरून मी ती केली, आणि विचारणा झाली त्या दिवशी सगळ्या ऑफिससमोर मी त्यांच्याकडे बोट केलं. गेली दोन वर्षं हे वाक्य मी मनात वेगवेगळ्या तऱ्हेने मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी त्यात कुठेतरी स्वतःसाठी थोडी जागा ठेवायचो. आता तशी ठेवत नाही.

आमचं ऑफिस महाल नावाच्या जुन्या वस्तीत होतं, भांड्यांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. खालून दिवसभर पातेली आपटल्याचे आवाज यायचे. काम असं होतं की कोणाला सांगितलं तर तो हसायचा. स्कॉटलंड नावाच्या देशात एकोणिसाव्या शतकात जी जनगणना झाली, तिच्या वह्यांच्या पानांचे फोटो आम्हाला यायचे. त्यातलं नाव, घरप्रमुखाशी नातं, लग्न झालेलं की नाही, वय, धंदा, जन्मगाव असं सगळं वाचून संगणकात भरायचं. तिकडे लोक आपले खापरपणजोबा शोधतात म्हणे. त्यांचे खापरपणजोबा महालातून जायचे. आम्ही अकरा जण भरणारे होतो. भरलेलं तपासणारा मी.

गिरजाताई पंचावन्नच्या आसपास होत्या. त्याआधी वीसेक वर्षं कोर्टाबाहेर एका अर्ज लिहिणाऱ्याच्या टेबलावर त्यांनी टायपिंग केलं होतं. इंग्रजी बोलायच्या नाहीत, पण कसलंही अक्षर वाचायच्या. खुर्चीवर घोंगडीचा चौकोनी तुकडा घालून बसत. एसीचं वारं लागतं म्हणून बाकीच्या मुली ओढण्या गुंडाळून बसत, तर या म्हणत, "घोंगडी खालून गरम ठेवते, मंग वरचं आपोआप होते." पडद्यावर लाकडी पट्टी धरून एकेक ओळ वाचायच्या. पट्टी खाली सरकली की ओळ झाली.

आम्ही सगळे ओळी मोजायचो, कारण दिवसाचं काम ओळींवर ठरायचं. गिरजाताई घरं मोजायच्या. संध्याकाळी विचारलं की म्हणायच्या, "आज अडतीस घरं झाली." आणि एखादं घर अर्धं असताना त्या जागेवरून उठत नसत. जेवणाची वेळ होवो, लाइट जायच्या बेतात असो, कोणी हाक मारो. "थांबा, याची दोन लेकरं बाहेर राहिली आहेत," म्हणायच्या आणि ती दोन लेकरं आत घेऊन मगच उठायच्या. ती लेकरं मरून शंभराहून जास्त वर्षं झाली होती, हे त्यांना कोणी सांगितलं तर त्या म्हणत, "हाव, पण माझ्यासमोर तं आता आली."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वाचवलं होतं. वह्यांमध्ये वरच्यासारखंच असेल तिथे 'डीओ' असं लिहून टिंब दिलेलं असायचं. मला ते माहीत नव्हतं. मी तपासणारा असून अख्ख्या गावाचं आडनाव 'डू' म्हणून पास केलं. गिरजाताई माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सर, एका गावात इतके डू कसे? नवराही डू, बायकोही डू, धंदाही डू, जन्मगावही डू. हे वरीलप्रमाणे आहे. आपल्या अर्जात लिहितो ना, तसं." कोणाला कळू न देता त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर बसून ती पानं दुरुस्त करून घेतली. कुठे बोलल्या नाहीत. फक्त मी कधी फार साहेबी केली की म्हणायच्या, "बसा, डूसाहेब."

त्या मेंढपाळाच्या घरच्या. वडील डोमाजी, दसऱ्यानंतर मेंढ्या घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडावर परत. गिरजाताई लहान असताना घरोघर यादी करणारा कोणी मास्तर त्यांच्या गावी आला. दारात आई उभी. त्यांच्या आईने नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलं नव्हतं, आणि नवऱ्याबद्दल परक्या माणसाशी दोन शब्दांपेक्षा जास्त बोलायची पद्धतही नव्हती. पुढचं गिरजाताई दोन्ही आवाज काढून सांगायच्या.

"मास्तर म्हणे, घरधनी कुठं आहे? माय म्हणे, गेले. मास्तर म्हणे, कधी? माय म्हणे, दसऱ्यालेच गेले. मास्तरले वाईट वाटलं बिचाऱ्याले. पाणीही न पिता लिहून मोकळा झाला, विधवा."

मुली हसायच्या. गिरजाताईही हसायच्या.

"मंग बाप आला जेठ महिन्यात. राशनच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणे, डोमाजी तं मेला. बाप म्हणे, मले तं कोणी सांगतलं नाही."

इथपर्यंत त्या हसवायच्या. यापुढचं त्यांनी मला एकट्याला एकदा सांगितलं. कागदावर जिवंत व्हायला डोमाजींना सात वर्षं लागली. कोर्टाबाहेरच्या त्या अर्ज लिहिणाऱ्याकडे बापाबरोबर चकरा मारता मारता पोरगी तिथलं मशीन पाहत बसायची, तसंच टायपिंग शिकली. त्या सात वर्षांत गावातल्या बायका हळदीकुंकवाला आईला बोलवायचं की नाही, यावर कुजबुजायच्या. नवरा समोर बाजेवर बसलेला असायचा. "कागद खोटा आहे हे सगळ्याइले माहीत होतं, सर. तरी माय दोन वेळा परत आली दारातून." पुढे गिरजाताईंचा स्वतःचा नवरा लग्नानंतर चारच वर्षांत वारला, आणि त्या हुडकेश्वरला आईजवळ राहायला आल्या. धाकटा भाऊ मेंढ्यांमागे. त्याचंही घर म्हणजे हेच.

एवढं सगळं माहीत असून मी ते केलं. म्हणून ते आधी सांगितलं.

मार्चमध्ये एका डोंगरी भागाची पानं आली. सगळीकडे धंदा एकच, मेंढपाळ. आणि घरामागून घर असं, की पहिल्या ओळीत बाई. पुढे म्हातारी सासू, दोन-तीन मुली, कुठे तान्हं मूल. पुरुष नाही. बाईच्या नात्याच्या रकान्यात 'बायको', लग्नाच्या रकान्यात एम, म्हणजे विवाहित, धंद्याच्या रकान्यात 'मेंढपाळाची बायको'. गिरजाताईंनी जसं होतं तसं भरलं. आमच्या संगणकाला ते चालेना. प्रत्येक घराची पहिली ओळ 'प्रमुख' असलीच पाहिजे, असा त्यात नियम घातलेला होता. 'प्रमुख' केलं, तर बाई विवाहित आणि नवरा घरात नाही म्हणून पुन्हा लाल रेघ. एमच्या जागी डब्ल्यू केलं, म्हणजे विधवा, की सगळं हिरवं.

"डब्ल्यू करा ताई," मी म्हणालो. "वहीतलं अक्षरही तसंच दिसतं. एम उलटा केला की डब्ल्यूच."

"उलटा काहून करायचा?"

"घरात पुरुष नाही."

"घरात नाही, मंग मेला का?" त्यांनी पट्टी खाली ठेवली. "सर, हे कोणत्या महिन्यात लिहिलं? वर पाहा. एप्रिल लागून राहिला. तिकडं थंडी सरून गवत येते तवाच मेंढ्या वितात असन. आपल्याकडं पावसाचं गवत, म्हणून दिवाळीच्या आगंमागं. विणीच्या दिवसात मेंढपाळ घरी सापडते का कधी? गेले म्हणजे मेंढ्यांमागे गेले."

मी म्हणालो, बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारून जागेवर बोलावलं. सात पानं पुढे डोंगरावरच्या एका दगडी झोपडीची नोंद होती. आत तीन पुरुष, तिघेही मेंढपाळ, तिघांपुढे एम. पहिल्याचं नाव ॲडम, वय एक्केचाळीस. आदल्या दिवशी ज्या घरावरून आमचं वाजलं होतं, त्यातली बाई इझोबेल, वय अडतीस, तेच आडनाव. जन्मगावही दोघांचं एकच.

"हा पाहा, तुमचा मेलेला नवरा," गिरजाताई म्हणाल्या. "कसा मस्त बसला आहे."

त्या खूश होत्या. वहीचं एक पान त्यांनी एवढं नीट वाचलं होतं की दीडशे वर्षांनी एक नवरा-बायको एकमेकांना सापडले होते. मला त्यांच्याकडे पाहवेना, कारण त्याच संध्याकाळी सहाला गठ्ठा पाठवायचा होता आणि अशी घरं दोनशेच्या वर होती. काम देणाऱ्या तिकडच्या कंपनीला पत्र लिहून नियम बदलून घ्यायचा तर चार दिवस गेले असते. ऑफिसचे साहेब उशिरावरून आधीच मला दोनदा बोलले होते. मी गिरजाताईंना म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. शेऱ्यात लिहून देतो." त्या निश्चिंत होऊन पुढच्या घराला लागल्या आणि साडेपाचला बसची वेळ झाली तशा गेल्या.

भरलेला गठ्ठा ज्याने भरला त्याच्याच नावाने उघडायचा. गिरजाताईंनी आपला पासवर्ड मला कधीच सांगून ठेवला होता. "मी नसली तं पाहून घेत जा," म्हणाल्या होत्या. पासवर्ड त्यांच्या वडिलांचं नाव होता. ते नाव टाइप करून मी आत शिरलो आणि सगळी घरं एकदम निवडून पहिल्या ओळीतल्या प्रत्येक बाईला 'प्रमुख' केलं आणि एमचा डब्ल्यू केला. शेरा लिहायला वेळ उरला नाही. दहा मिनिटांचं काम. ॲडम आपल्या झोपडीत एमच राहिला, म्हणजे विवाहित पुरुष, ज्याची बायको विधवा.

तीन आठवड्यांनी गठ्ठा परत आला. तिकडच्या तपासनीसाने नेमकं हेच पकडलं होतं. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि पत्र मोठ्याने वाचलं. एका भागातल्या सगळ्या मेंढपाळांच्या बायका विधवा कशा झाल्या, असा त्यात प्रश्न होता. काम काढून घेऊ, अशी शेवटी एक ओळ होती. खालच्या दुकानातला आवाजही तेव्हा नेमका थांबलेला होता.

"कोनं केलं हे?" साहेबांनी पडदा पाहिला. "गिरजा-सात. संध्याकाळी पावणेसहा."

गिरजाताई माझ्याकडे पाहत होत्या. पावणेसहाला त्या बसमध्ये असायच्या, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पण तशा वेळी कोणी घड्याळ आठवत नाही. मला बोलायला पूर्ण वेळ होता. साहेब माझ्याकडे वळले होते, वाट पाहत होते. माझ्या डोक्यात माझी नोकरी होती, आणि मुलीचं बारावीचं वर्ष.

मी म्हणालो, "ताई, मी सांगितलं होतं ना, नीट पाहत जा म्हणून."

त्या ओरडल्या नाहीत. माझं नावही घेतलं नाही. मला वाटतं, त्यांना विश्वास बसायलाच थोडा वेळ लागला. मग साहेबांकडे पाहून म्हणाल्या, "मी एकाही बाईचं कुंकू पुसलं नाही. मी स्वतः डब्ल्यू आहे, साहेब. त्याचं वजन मले माहीत आहे. दुसऱ्याच्या अंगावर कायले टाकू?"

साहेब म्हणाले, "ते ठीक आहे, पण इथं तुमचं नाव आहे ना. कंपनीले मले काहीतरी दाखवा लागन." आणि उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं.

यानंतर त्यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. त्या जाऊन आपल्या जागेवर बसल्या. साहेबांना वाटलं आता वाद होणार. त्यांनी पट्टी उचलून पडद्यावर लावली. एक घर अर्धं होतं. सगळे उभे असताना त्यांनी त्या घरातली उरलेली माणसं भरली, चार की पाच, एकेक ओळ, न घाई करता. मग घोंगडीचा तुकडा घडी करून काखेत घेतला. जाताना माझ्या टेबलाशी क्षणभर थांबल्या.

"माझ्या बापाचं नाव तुमच्याजवळ आहे, सर," त्या म्हणाल्या. "ते तेवढं पुसून टाकजा."

त्यांना सगळं कळलेलं होतं.

तो गठ्ठा दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. दोनशेच्या वर बायांपुढचा डब्ल्यू काढून मी एकेक करून एम केला. नियमही पत्र पाठवल्यावर तिसऱ्याच दिवशी बदलून मिळाला. काम वेळेत झालं म्हणून साहेबांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि ते मी ऐकून घेतलं. पुढे वर्षभरात ते काम संपलं, ऑफिस बंद झालं आणि मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअरच्या नोंदी पाहायला लागलो. हुडकेश्वरला माझंही घर आहे. गिरजाताईंच्या गल्लीवरून जायला लागू नये म्हणून मी दोन वर्षं भाजीसुद्धा उलट्या बाजूने जाऊन आणली.

हे असंच चाललं असतं. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत घरोघर माहिती घेणाऱ्या एक बाई आल्या. मी आत आंघोळीला होतो. त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "घरप्रमुख?" बायकोने सवयीने सांगितलं, "ते आत्ता नाहीत." साबण अंगावर तसाच ठेवून मी कान देऊन उभा राहिलो. त्या बाई म्हणाल्या, "नसले तरी आहेत ना? नाव सांगा, लिहून घेते." एवढंच. यापेक्षा जास्त काही करायचं नसतं. मला मात्र तेवढंही करता आलं नव्हतं.

त्या दिवशी मी साहेबांना आणि जुन्या ऑफिसातल्या सगळ्यांना सविस्तर लिहून पाठवलं. साहेबांचा फोन आला. "कायले उकरून राहिला गा आता? काम संपलं, ऑफिस संपलं. तिनं काही म्हटलं का?" मी म्हणालो, नाही. "मंग?" ते म्हणाले. बाकीच्यांपैकी दोघींनी उत्तर दिलं. एकीने फक्त लिहिलं होतं, आम्हाला तेव्हाच माहीत होतं.

रविवारी सकाळी मी गिरजाताईंच्या घरी गेलो. दारात त्यांची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची, उन्हात पाय सोडून. मी नाव सांगितलं. त्यांना ते ओळखीचं वाटलं नसावं. "गिरजाताई आहेत का?" मी विचारलं.

म्हातारी म्हणाली, "गिरजा? गेली."

मी पायरीवर बसलो. मला फक्त एवढं कळत होतं की उशीर झाला, आणि हे आता कोणाला सांगायचं ते माणूस उरलं नाही. म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं असावं.

"असा काहून बसला गा? मेंढ्यामांगं गेली. भावाचा पाय मोडला. विणी चालू आहे ना. बुटीबोरीच्या पलीकडं बसल्या आहेत मेंढ्या, कारखान्याच्या मागच्या वावरात."

माझ्याच कारखान्याच्या बाजूची वावरं ती. कदाचित आठवडाभर मी त्यांच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होतो.

सोयाबीन निघालेल्या वावरात जाळी लावून मेंढ्या बसवल्या होत्या. भाऊ पायाला प्लास्टर घालून बाजेवर. त्याची बायको पाणी आणत होती, वावराचा मालक आणि दोन गडी बांधावर बसले होते. गिरजाताई मध्ये, गुडघ्यांवर. नुकत्याच व्यालेल्या एका मेंढीचं पिल्लू त्या कोरड्या गोणपाटाने पुसत होत्या. डोक्याला फडकं बांधलेलं, हात कोपरापर्यंत भरलेले. मला पाहिलं, पण उठल्या नाहीत. दुसरं पिल्लू अजून यायचं होतं.

"बसा, डूसाहेब," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मी बसलो नाही. घरून ठरवून आणलेलं सगळं बोलायला लागलो, खालच्या आवाजात, बांधावरच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने. चारही बाजूंनी मेंढ्या आणि पिल्लं ओरडत होती. गिरजाताईंनी मान वर न करता ऐकलं, आणि मध्येच थांबवलं.

"मोठ्यानं बोला, सर. इथं असं ऐकू येत नाही."

भाऊ बाजेवर उठून बसला. बांधावरची माणसं इकडे पाहायला लागली. मी मोठ्याने म्हणालो, "ताई, त्या दोनशे बायांना विधवा मी केलं. तुम्ही नवरा शोधून दाखवला होता, तरी केलं. तुमच्या नावाने शिरून केलं, तुमच्या वडिलांचं नाव टाइप करून केलं. आणि सगळ्यांसमोर तुमच्यावर खोटं ढकललं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा."